आधी पान उघडा, मग तोंड : जुन्या सुपरहिरो कॉमिक्सवर गटचर्चा कशी करावी

चार कॉमिक्सवेडे जमले की दहा मिनिटांत गाडी हमखास तीनपैकी एका फाट्याला लागते. अमका तमक्याला लोळवेल का. सिनेमात ते कसं दाखवलंय. आणि आमच्या लहानपणी अंक किती पैशांना मिळायचा. तिन्ही विषय मजेचे, चहाबरोबर छान रंगतात. पण यातल्या एकासाठीही समोरचं कॉमिक उघडावं लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात आणखी एक गुंता असतो. एकानं गोष्ट मराठी ‘इंद्रजाल’ या कॉमिक्स मालिकेत वाचलेली असते, दुसऱ्यानं कन्नडमध्ये, तिसऱ्यानं शाळेच्या ग्रंथालयात इंग्रजीत आणि चौथ्यानं मोबाइलवर. सगळे एकाच गोष्टीवर भांडतायत असं वाटतं. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर पान मात्र वेगळं असतं.

म्हणून खालचा क्रम. तो शक्यतो बदलू नका. आधी मत ठरवायचं आणि मग त्याला पुरावा शोधत पानं उलटायची, या सवयीमुळंच बहुतेक चर्चा फसतात.

## टप्पा १ : एकच गोष्ट ठरवा

‘या वेळी बॅटमॅन घेऊ’ असं ठरवणं म्हणजे काहीच न ठरवणं. बॅटमॅन मे १९३९ ची तारीख असलेल्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात आला आणि अजून चालू आहे. एवढ्या काळात लेखक, चित्रकार, संपादक बदलले, स्वभावही बदलला. एवढ्या पसाऱ्यावर बोलायला बसलात की प्रत्येक जण आपल्या आवडीचा बॅटमॅन काढणार.

एक अंक घ्या, किंवा अंकातली एकच गोष्ट. नव्या गटाला ‘अमेझिंग फँटसी’चा १५ वा अंक (ऑगस्ट १९६२) सोयीचा. स्पायडरमॅनची ती पहिली गोष्ट फक्त ११ पानांची आहे, एका बैठकीत दोनदा वाचून होते. थोडा सराव झाला की ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’चा ३३ वा अंक (फेब्रुवारी १९६६) घ्या. घरात इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा असेल तर फँटमची, म्हणजे आपल्या वेताळची, एकाच अंकात संपणारी गोष्ट निवडा. ‘पुढील अंकी चालू’ असलेली नको, दुसरा भाग कुणाकडंच नसतो. हिंदी वाचणारे जास्त असतील तर राज कॉमिक्सचा नागराज किंवा सुपर कमांडो ध्रुवही चालेल. तिथंही नियम हेच.

माणसं पाच ते आठ. त्याहून जास्त झाली की मागचे मोबाइल काढतात.

तपासा : निवडलेली गोष्ट प्रत्येकाला बैठकीआधी निदान आठवडाभर हातात मिळणार आहे का? नसेल तर गोष्ट बदला, तारीख बदलू नका. तारीख बदलत गेली की बैठकच होत नाही.

## टप्पा २ : प्रत ओळखा

लोक ही पायरी सरळ ओलांडून जातात आणि पुढं अर्धा तास वाया घालवतात. तुमच्या हातात नेमकं काय आहे? मूळ अंक, नंतरचं पुनर्मुद्रण, जाड संग्रह, भारतीय आवृत्ती, की कुणीतरी रंग उजळवून टाकलेलं स्कॅन? प्रत्येकात चित्र, रंग, पानांची रचना, कधी कधी मजकूरसुद्धा वेगळा असू शकतो.

हल्कचं उदाहरण घ्या. मे १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क करडा आहे. छपाईत तो करडा रंग एकसारखा उतरेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला. पुढं अनेक वर्षं पहिल्या अंकाच्या पुनर्मुद्रणांतही तो हिरवाच छापला गेला. आता एकाच्या संग्रहात हिरवा, दुसऱ्याच्या प्रतीत करडा, आणि दोघं ‘लेखकाला या रंगातून काय म्हणायचं होतं’ यावर तावातावानं बोलतायत. दोघांच्याही प्रती खऱ्या. फक्त आपल्या हातात कोणती आहे हे कुणी आधी बघितलेलं नाही.

इंद्रजालच्या बाबतीत तर जास्तच सांभाळायला हवं. लेखक ली फॉक आणि चित्रकार रे मूर यांचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ ला वर्तमानपत्रातल्या पट्टीत सुरू झाला. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं इंद्रजाल काढलं ते मार्च १९६४ मध्ये. म्हणजे मूळ माल रोज तीन-चार चौकटींचा. त्यात रोजच्या पट्टीची पहिली चौकट बरेचदा कालचं थोडक्यात सांगते, कारण वाचकानं कालचा पेपर वाचला असेल याची खात्री नसते. पुस्तकात सगळं सलग आल्यावर ती उजळणी खटकते, म्हणून काढून टाकतात. उरलेल्या चौकटी पानात बसवायला कुठं कडा छाटतात, कुठं चित्र वाढवतात, संवादांचे फुगे हलवतात. तेव्हा इंद्रजालचा अंक बघून ‘फॉकची गोष्ट फार पळते’ असं म्हणू नका. पळवली कुणी, ते त्या प्रतीवरून कळत नाही.

भारतीय वाचकांसाठी तपशीलही बदलले. वेताळचा देश इंद्रजालमध्ये डेंकाली झाला, त्याचे वैरी सिंग चाचे सिंगा झाले. म्हणून ‘फॉकनं भारतीयांना खलनायक केलं का’ हा प्रश्न इंद्रजालच्या प्रतीवर सोडवता येत नाही. त्याला मूळ पट्टीच हवी.

तारखांचंही तसंच. अमेरिकन अंकाच्या मुखपृष्ठावरचा महिना हा विक्रीचा महिना नसतो, तो पुढचा छापलेला असतो. सुपरमॅनचा पहिला अंक, ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक १, मुखपृष्ठावर जून १९३८ म्हणतो. दुकानात तो एप्रिलमध्येच आला होता. एखाद्या बातमीचा परिणाम गोष्टीवर दिसतो असं म्हणायचं असेल तर आधी दोन-तीन महिने मागं जा, आणि लिहायला-काढायला लागलेले महिने त्यात धरा.

काम सोपं आहे. प्रत्येकानं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आपल्या प्रतीची चिठ्ठी करायची :

1. मालिकेचं नाव आणि अंक क्रमांक, मुखपृष्ठावरचा महिना-वर्ष.
2. हातातली प्रत कोणती : मूळ, पुनर्मुद्रण, संग्रह, इंद्रजाल, स्कॅन. प्रकाशक आणि भाषा.
3. एकूण पानं किती, त्यांतली गहाळ कोणती.
4. लेखक, चित्रकार, शाईकाम (पेन्सिलच्या चित्रावर शाई फिरवणं), अक्षरं, रंग. जेवढं छापलंय तेवढंच. आठवणीतून भर घालायची नाही.

सावधान : रद्दीतून आलेल्या अंकाचं मधलं जोडपान निघालेलं असतं आणि गोष्ट वाचताना ते चटकन लक्षातही येत नाही. पिना जिथं आहेत तिथं उघडून दोन्ही बाजूंची पानं जुळतात का ते बघा. वाचनालयानं बाइंडिंग केलेल्या गठ्ठ्यात मुखपृष्ठं काढून टाकलेली असतात आणि कडा कापताना चित्रही कापलं जातं. ‘चित्रकारानं हात अर्धवट काढलाय’ असं म्हणण्याआधी कटर कुठून फिरलाय ते पाहा.

## टप्पा ३ : प्रत हाताळायला तयार करा

जुनं कॉमिक स्वस्त वर्तमानपत्री कागदावर छापलेलं असतं. तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. आपल्या बेळगाव जिल्ह्यातच दोन तऱ्हेची हवा आहे. खानापूरकडच्या पावसात कागद ओल धरतो, बुरशी येते, पिना गंजतात. अथणीकडं उन्हाळ्यात तोच कागद घडीवर तुटतो. गणपत गल्लीतल्या घराच्या वरच्या मजल्यावर ठेवलेला गठ्ठा सुखरूप असेलच असं नाही. कौलं गळत असतील तर आधी तिथून हलवा.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. दोन-चार वर्षांत तो तपकिरी होतो, आणि काढायला गेलात की शाई घेऊन निघतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. ओलसर अंक उन्हात न टाकता पंख्याखाली सावलीत सुकवा, पानांमध्ये कोरे कागद घालून. कसर लागली असेल तर तो अंक बाकीच्यांपासून वेगळा ठेवा.

बैठकीसाठी मूळ अंक फिरवायची गरज नसते. ज्या पानांवर बोलायचंय त्यांचे दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल पानाशी समांतर धरून फोटो काढा. तिरका फोटो काढला की चौकटींचे आकार बदलतात, आणि पुढच्या टप्प्यात आकारांवरच बोलायचंय. हे फोटो गटापुरते. अख्खा अंक स्कॅन करून वाटत सुटू नका.

## टप्पा ४ : तीनदा वाचा

पहिलं वाचन गोष्टीसाठी. एका बैठकीत, न थांबता, हातात पेन्सिल न घेता. मजा येऊ द्या, ती आली नाही तर पुढचं सगळं सरकारी काम होतं.

दुसरं वाचन फक्त चित्रांचं. फुगे आणि निवेदनाच्या पट्ट्या नजरेआड करा. जमत नसेल तर कागदाच्या पट्टीनं झाका. गोष्ट कळते का? कुठं अडते? जिथं अडते तिथं शब्द काम करतायत. जिथं चित्रातच सगळं कळतं आणि फुगा तेच पुन्हा सांगतो, तिथं खूण करा. साठच्या दशकातल्या अंकांत अशा जागा भरपूर सापडतील, आणि त्या का आहेत याचं उत्तर सहाव्या टप्प्यात आहे.

तिसरं वाचन मोजणीचं. प्रत्येक पानावर चौकटी किती, कोणती सर्वांत मोठी, पानभर चित्र कुठं आलंय, पान उलटायच्या आधी शेवटच्या चौकटीत काय ठेवलंय. हे सगळं चिठ्ठीवर मांडणं रटाळ वाटतं, पोरं कुरकुरतात. तरी करा.

नेहमीची चूक : दुसरं वाचन सोडून एकदम तिसऱ्यावर जाणं. मग आकडे हातात येतात, पण ते कशाचे आहेत ते कळत नाही.

## टप्पा ५ : एका चौकटीवर बोट ठेवा

आता खरं काम. आपल्याला जे म्हणायचंय ते कोणत्या पानावर, कितव्या चौकटीत दिसतं? ‘पान ५, चौकट १’ असं लिहिता आलं नाही तर ते मत घरी ठेवा.

स्पायडरमॅन ३३ वर हे करून बघू. खलनायक डॉक्टर ऑक्टोपसच्या पाण्याखालच्या अड्ड्यात स्पायडरमॅन एका अवजड यंत्राखाली दबलाय. त्याला वाढवणाऱ्या मे काकीचा जीव वाचवणारं औषध समोर पडलंय, हात पोचत नाही, वरून पाणी गळतंय. गटात पहिला माणूस म्हणणार : ‘यात त्याची जिद्द दाखवलीय.’ बरोबर आहे, पण ते मुखपृष्ठ बघूनही म्हणता येतं. जिद्द दाखवली कशी? मोजणीची चिठ्ठी काढा. सुरुवातीला चौकटी लहान, माणूस आणि यंत्र दोन्ही त्यात कोंबलेले, वरच्या लोखंडाला जागा जास्त. मग काकी आणि बेनकाकांचे चेहरे तरंगत येतात. जसजसं तो रेटा देतो तसतशा चौकटी वाढत जातात, आणि यंत्र उचललं जातं ते पानभर चित्रात. म्हणजे त्याच्यावरचं ओझं कमी होण्याआधी आपल्या डोळ्यांसमोरची जागा मोकळी होत जाते. चित्रकार स्टीव्ह डिटकोनं तो क्षण लांबवलाय, आणि लांबवायला शब्दांपेक्षा चौकटींची मापं वापरलीत. हे विश्लेषण झालं, कारण कुणीही पान उघडून ते खोडून काढू शकतो.

दुसरं उदाहरण पुरावा किती ताणायचा यासाठी. ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ अंक १२१, जून १९७३. खलनायक ग्रीन गॉब्लिन स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली पाडतो, स्पायडरमॅन जाळं टाकून तिचा पाय पकडतो, वर ओढतो तर ती मेलेली. ज्या चौकटीत जाळं तिला धरतं, तिथं तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत ‘स्नॅप’ असा आवाज छापलाय. त्याच अंकात पुढं गॉब्लिन म्हणतो की एवढ्या उंचीवरून पडणारं माणूस जमिनीवर आदळण्याआधीच मरतं. मग ग्वेनला मारलं कुणी?

इथं गट हमखास दोन तट पाडतो. पाडू द्या, पण प्रत्येक पुराव्यावर शिक्का मारायला लावा :

- पानावर : ‘स्नॅप’ची अक्षरं आणि त्यांची मानेजवळची जागा. गॉब्लिनचं वाक्यही पानावरच, पण ते पात्राचं बोलणं आहे, आणि पात्र खोटं बोलू शकतं किंवा चुकू शकतं.
- नंतर : पुढच्या अंकांत आलेली आठवण, कबुली, उलट-सुलट गोष्टी.
- बाहेर : १२५ व्या अंकाच्या वाचकपत्रांच्या पानावर आलेला खुलासा, की एकदम थांबवल्याच्या हिसक्यानं ती मेली. मुलाखतीही याच खणात.
- अंदाज : आपलं स्वतःचं.

‘बाहेर’चा पुरावा खोटा नसतो, पण अंक निघाला तेव्हाच तो वाचणाऱ्याकडं हा पुरावा नव्हता. त्या वाचकाला पानानं काय सांगितलं हा एक प्रश्न, संपादकांनी नंतर काय ठरवलं हा दुसरा. दोन्हींवर बोला, एका वाक्यात नको. जाता जाता : याच अंकात मजकूर पुलाला जॉर्ज वॉशिंग्टन पूल म्हणतो आणि चित्र ब्रुकलिन पुलासारखं आहे. पानावरचे दोन पुरावेसुद्धा एकमेकांशी भांडतात, ते असं.

सावधान : आठवणीवर विसंबू नका, विशेषतः सिनेमे पाहिलेले असतील तर. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे वाक्य बेनकाका पीटरला, म्हणजे स्पायडरमॅनला, सांगतात, असं जवळजवळ प्रत्येक जण छातीठोकपणे म्हणतो. ‘अमेझिंग फँटसी’ १५ उघडा. ते शेवटच्या चौकटीतल्या निवेदनात आहे, काकांच्या तोंडी नाही. गोष्टीचा अर्थ त्यानं बदलतो. काकांनी सांगून ठेवलेलं आणि पोरानं ऐकलं नाही, ही एक गोष्ट. कुणीच सांगितलेलं नव्हतं आणि पोराला किंमत मोजून कळलं, ही वेगळी. पहिल्या बैठकीला हाच खेळ ठेवा. आधी सगळ्यांना आठवणीतून लिहायला सांगा, मग पान उघडा. पुढच्या वेळी कुणी प्रत विसरून येत नाही.

## टप्पा ६ : कुणी काय केलं ते वेगळं करा

‘स्टॅन लीनं हे पान असं रचलंय’ हे वाक्य बहुतेक वेळा चूक असतं. ली हे लेखक-संपादक. मार्व्हलमध्ये, म्हणजे स्पायडरमॅन-हल्क काढणाऱ्या प्रकाशनात, साठच्या दशकात कामाचा क्रम असा असायचा : कथेवर थोडी बोलणी, मग चित्रकार पानं पेन्सिलनं आखून-काढून गोष्ट उभी करणार, आणि संवाद शेवटी, तयार चित्रांवर लिहिले जाणार. म्हणजे चौकटींची रचना, वेग, कॅमेरा कुठं ठेवलाय, हे सगळं जॅक कर्बी किंवा डिटकोच्या हातचं. १९६५ पासून तर स्पायडरमॅनच्या अंकांत कथानकाचं श्रेयही डिटकोच्या नावावर छापलेलं आहे. संवाद चित्रांनंतर आल्यामुळं फुगा चित्रातलंच पुन्हा सांगतो, आणि कधी कधी त्याला वेगळंच वळण देतो. दुसऱ्या वाचनातल्या खुणा आता कामाला येतील.

चर्चेत बोलताना कामाचं नाव घ्या. रचना डिटकोची, संवाद लींचे. १२१ व्या अंकाचं लेखन जेरी कॉनवेचं, पेन्सिलकाम गिल केनचं, शाईकाम मुख्यतः जॉन रोमिटांचं. अक्षरं लिहिणारा आणि रंग देणारा यांना लोक विसरतात. पण ‘स्नॅप’ किती बारीक आणि कुठं, हा अक्षरांचाच प्रश्न आहे.

छापलेलं श्रेय पूर्ण असतंच असंही नाही. बॅटमॅनवर वर्षानुवर्षं एकट्या बॉब केनचं नाव होतं. बॅटमॅन घडवण्यात वाटा असलेल्या बिल फिंगरला अधिकृत श्रेय मिळालं ते २०१५ मध्ये. म्हणून चिठ्ठीवर ‘छापलेलं’ आणि ‘नंतर कळलेलं’ असे दोन रकाने ठेवा.

## टप्पा ७ : काळ लावा, पण शेवटी

काळाची माहिती आधी सांगितली की सगळे तिच्याच चष्म्यातून पान बघतात. म्हणून ती इतकी खाली.

अमेरिकन कॉमिक पुस्तकांसाठी १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता केली, कॉमिक्स कोड. शेवटी चांगल्याचाच विजय व्हावा, पोलीस-न्यायाधीश यांचा मान जाईल असं काही नको, रक्तपिपासू भुतं आणि नरलांडगे बंद. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातला छोटा शिक्का त्याचाच. स्पायडरमॅनचे ९६ ते ९८ हे अंक (मे ते जुलै १९७१) अमली पदार्थांविरुद्धची गोष्ट सांगत होते, तरी शिक्का मिळाला नाही आणि ते शिक्क्याविना निघाले. त्याच वर्षी नियम सैल झाले.

आता चूक. एकदा कोड समजला की गट सगळं त्याच्याच माथी मारतो. वेताळ कुणाला जिवे मारत नाही, ‘कोडमुळं’. पण कोड कॉमिक पुस्तकांसाठी होता. वर्तमानपत्रातली पट्टी त्याच्या कक्षेत नव्हती. कारण सांगण्याआधी ते कारण त्या प्रतीला लागू होतं का, ते दुसऱ्या टप्प्यातल्या चिठ्ठीवर बघा.

वेताळवर बोलायचं तर गोरा माणूस जंगलाचा रखवालदार, हा विषय निघणारच. टाळू नका, आणि तो काढून चर्चा गुंडाळूही नका. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी त्याच्यावर प्रेम केलं ते वाचक इथलेच आहेत. त्या विशिष्ट अंकात बांदार माणसं, म्हणजे वेताळच्या जंगलातली जमात, काय करतात, निर्णय कोण घेतो, बोलायला किती फुगे कुणाच्या वाट्याला आलेत, ते मोजा आणि मग बोला. मोजल्यावर दोन्ही बाजूंचा आवाज आपोआप खाली येतो.

## टप्पा ८ : प्रत्यक्ष बैठक

जागा अशी घ्या की टेबल मोठं आहे आणि उजेड वरून येतो. खडेबाजारातल्या हॉटेलात बसलात तर पुढचं सगळं गोंगाटात जाईल. वाचनालयाची खोली किंवा टिळकवाडीतल्या कुणाचा तरी हॉल बरा. कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, आणलेला असतोच. तो शेवटी. तुपाचं बोट एकदा कागदावर उमटलं की निघत नाही.

दीड तास धरा आणि या क्रमानं जा :

1. प्रतींच्या चिठ्ठ्या टेबलावर. कुणाकडं काय आहे ते दहा मिनिटांत समजून घ्या. पानांचे क्रमांक जुळत नसतील तर एक प्रत ‘आधाराची’ ठरवा. सगळे क्रमांक तिचेच बोलायचे.
2. मोठ्यानं वाचन, निवडलेल्या दोन-तीन पानांचं. एक जण निवेदन, एक जण फुगे. कन्नड प्रत असलेल्यानं तीच पानं त्याच्या प्रतीतून दाखवावीत. चौकटी छाटल्या आहेत का, फुगे हललेत का, ते शेजारी शेजारी ठेवून दिसतं. तीन भाषांच्या प्रती एका टेबलावर येणं हा आपल्या भागाचा फायदा आहे, तो वापरा.
3. एक माणूस, एक चौकट. प्रत्येकानं पान-चौकट सांगायची, सगळ्यांनी ती उघडायची, मगच बोलायचं. मध्ये तोंड घालायचं नाही.
4. उलट चौकट. ऐकणाऱ्यांपैकी एकानं त्याच अंकातली अशी चौकट शोधायची जी त्या मताला छेद देते. सापडली नाही तर तेही लिहून ठेवा.
5. बाहेरची माहिती आता. मुलाखती, कोड, पुढचे अंक.
6. चहा, कुंदा, आणि कोण कुणाला हरवेल.

गट चालवणारानं स्वतःचं मत सगळ्यांत शेवटी द्यावं. गटात सर किंवा एखादे ज्येष्ठ काका असतील तर त्यांनाही आधी बोलू देऊ नका. ते बोलले की पोरं मान डोलावतात आणि चर्चा तिथंच संपते. काकांना आधी फोनवर सांगून ठेवलंत तर राग येत नाही. पोरांना काही सांगावं लागत नाही. बरोबरीच्या वयात ‘काय बोलूलास बे, पान दाखव’ एवढ्यानं काम भागतं.

तपासा : अर्ध्या तासात कुणीच पान उलटलेलं नसेल तर थांबवा. चर्चा फाट्याला लागलीय.

नेहमीची चूक : शांत माणसाला शेवटी ठेवणं. त्याच्या चिठ्ठीवर बरेचदा सगळ्यांत चांगली चौकट असते आणि तोवर वेळ संपलेली असते. त्याला दुसरा क्रमांक द्या.

## टप्पा ९ : नोंद लिहा

दुसऱ्या दिवशीच लिहा, एका पानात. चार परिच्छेद पुरतात : प्रत कोणती, मत काय, ते कोणत्या चौकटीवर उभं आहे, आणि त्याला छेद देणारी चौकट कोणती. चौकटीचं वर्णन असं करा की प्रत जवळ नसलेल्यालाही ती दिसावी : कोण कुठं उभं, नजर कुठून, किती जागा रिकामी. ‘अप्रतिम’, ‘अजरामर’, ‘दर्जेदार’ हे शब्द खोडून टाका आणि वाक्य उभं राहतं का बघा.

‘सर्वांना वाटलं’ असं लिहू नका. मतभेद राहिला असेल तर दोन्ही बाजू त्यांच्या चौकटींसह लिहा. नोंदीच्या मागं प्रतींच्या चिठ्ठ्या टाचा. पिनेऐवजी दोरा किंवा पाकीट बरं, पावसाळ्यात पिनेचा गंज कागदावर उतरतो.

पुढची गोष्ट निवडताना फार लांब उडी मारू नका. ३३ वा अंक झाला असेल तर त्याच कथेचे ३१ आणि ३२ घ्या आणि ते यंत्र कोसळेपर्यंत चौकटींची मापं कशी बदलत येतात ते मोजा. त्यानंतर दुसऱ्या चित्रकाराच्या हातचा स्पायडरमॅन घ्या, आणि तीच मोजणीची चिठ्ठी शेजारी ठेवा.